डाव्या बाजूची शेपटी

टोपवालीने जन्मात एकाच माणसावर सूड उगवला, आणि तोही पापणीच्या केसाएवढ्या शेपटीच्या जोरावर. पण असा उगवला, की त्या दिवशी दालनात हजर असलेली माणसं आजही ती गोष्ट सांगताना खुर्चीच्या कडेला सरकून बसतात.

थिएटरच्या मागच्या जिन्याखाली तिची खोली होती. खोलीला खिडकी एकच, तीही रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दाखवणारी. आत फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली. एकावर राजाचे कुरळे केस, शेजारच्यावर भिकाऱ्याच्या जटा, त्यापलीकडे म्हातारीचा अंबाडा. जाळीच्या टोपीतून बारीक आकडीने एक केस ओढायचा, त्याची गाठ मारायची, मग दुसरा केस, दुसरी गाठ. डोकं भरेपर्यंत हेच. तिच्या बोटांबद्दल थिएटरात असं बोललं जायचं, की ही बाई झोपलेल्या मांजराला दाढी लावून देईल आणि मांजराला ते आरशात बघूनच कळेल.

जीभ मात्र बोटांइतकी नाजूक नव्हती. एकदा नायकाने तक्रार केली, "बाई, हा टोप फार जड लागतो हो."

"टोप हलकाच आहे," ती आकडी न थांबवता म्हणाली. "तुमच्या डोक्याला कसल्याच वजनाची सवय नाही, त्याला मी काय करू?"

तिचा नवरा त्याच थिएटरात दिवे सांभाळायचा. सगळे त्याला दिवेवालाच म्हणत. वर माचीवर अंधारात बसून दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकायचा, हा त्याचा धंदा आणि हाच त्याचा स्वभाव. नाटक संपल्यावर टाळ्या पडायच्या तेव्हा हा खाली वाकून बघायचा तो एवढंच, की टाळ्या ज्याला पडतायत त्याच्यावर दिवा नीट आहे ना.

आणि सुटीच्या दिवशी खांद्यावर जाळी टाकून तो केसरेघांच्या मागे जायचा.

केसरेघ म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं फुलपाखरू. उडताना निळं चमकतं, पण बसलं की पंख मिटून घेतं, आणि मग उरतो राखाडी रंगाचा एक कपटा. त्या मिटलेल्या पंखांवर एक बारीक रेघ असते, जणू कुणाचा ओला केस चिकटून राहिलाय. ती रेघ कुठे वळते, कुठे तुटते, यावरून जात ओळखायची. मागच्या दोन पंखांना एकेक शेपटी, काळी, टोकाला पांढरी. शेपट्यांच्या बुडाशी नारिंगी ठिपका, थेट डोळ्यासारखा. बसल्या बसल्या केसरेघ मागचे पंख एकमेकांवर घासत राहते, शेपट्या मिशांसारख्या हलतात, आणि बघणाऱ्याला वाटतं डोकं इकडेच आहे. पाखरू झडप घालतं ते या खोट्या डोक्यावर. चोचीत येते शेपटी, आणि केसरेघ आपलं खरं डोकं घेऊन पसार.

"बघ," दिवेवाला बायकोला भिंग देऊन म्हणायचा, "एवढासा जीव, पण काय सोंग वठवतो! आपल्या नायकाला जमेल का?"

"नायकाला खरं डोकं कुठाय लपवायला?" ती म्हणायची.

घरात तिसरं माणूस म्हणजे नणंद, दिवेवाल्याची बहीण. टोपवाली तिला वन्सं म्हणायची. वन्सं त्याच थिएटरात प्रॉम्प्टर होत्या. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगायची, ही सवय त्यांच्या इतकी हाडीमांसी खिळली होती, की दुकानदार 'काय देऊ' म्हणण्याआधी त्याच त्याला 'काय देऊ' सांगायच्या. कुणी बोलताना क्षणभर थांबलं की संपलं, वन्सं पुढचं वाक्य कुजबुजणार.

आणि चौथा माणूस, घरचा नसून घरच्यासारखा, तो चौकटवाला. थिएटरच्या वळणावरच त्याचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान. त्यालाही फुलपाखरांचा नाद. दिवेवाला आणि तो दोघे मिळून भटकायचे, एकाच डब्यातलं खायचे. परत आले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओल्या वाळूच्या डबीत फुलपाखरं मऊ करत ठेवायची, मग खाच पाडलेल्या फळीवर त्यांचे पंख कागदाच्या पट्ट्यांनी पसरायचे, आणि यातच दिवस मावळायचा. काचेच्या पेट्या चौकटवाला करून द्यायचा. हात सफाईदार होता त्याचा, तेवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. त्याच्या पेटीचे सांधे असे बसायचे की आत मुंगी सोडा, मुंगीची शंकासुद्धा शिरायची नाही.

गावात फुलपाखरं जमवणाऱ्यांचं मंडळ होतं. औषधांच्या दुकानाची मालकीण त्याची अध्यक्ष. गळ्यात साखळीला भिंग, आणि नजर अशी की गिऱ्हाईकाच्या खोकल्यावरून त्याचा खोटेपणा ओळखेल. मंडळाचा एक नियम दगडावरच्या रेघेसारखा होता. मोडलेला नमुना दुरुस्त करून ठेवायला हरकत नाही, पण तसं टाचणीखालच्या चिठ्ठीवर लिहिलं पाहिजे. न लिहिता ठेवला, तर नमुना बाद आणि ठेवणारा मंडळाबाहेर.

दिवेवाल्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याला पाण्याच्या टाकीमागच्या जुन्या झाडावर एक केसरेघ सापडली. त्या झाडावर बांडगूळ होतं, आणि बांडगुळाच्या पानांवर हिरव्या अळ्या. अळ्यांभोवती मुंग्यांचा पहारा. दिवेवाला किती तरी दिवस झाडाखाली मान वर करून उभा राहायचा. माणसं म्हणायची, दिवेवाल्याची मान माचीवरून उलटी बसली. आणि एके दिवशी त्याच्या जाळीत ती आली. पंखाखालची रेघ दोनदा वळलेली, आणि वळणाजवळ एक रुपेरी ठिपका. ही जात गावात कुणी कधी पाहिलेली नव्हती. फक्त डावी शेपटी नव्हती. पाखराने आपला वाटा आधीच नेला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत टाकी वाढवायची म्हणून ते झाड तोडलं. बांडगूळ गेलं, अळ्या गेल्या. उरली ती टाचणीवरची एक.

आणि दिवेवाल्यानेही अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. इस्पितळाच्या खाटेवरून त्याने बायकोला सांगितलं, "प्रदर्शनात ठेवायची आहे ती. डाव्या बाजूला तेवढी एक शेपटी बसवून देशील? शेपटीशिवाय बघणाऱ्याला तिचं सोंग कळायचं नाही."

"कशाची बसवू?"

"तू केसवाली. मला विचारतेस?"

तिने आरशात बघून स्वतःच्या कानशिलावरचे तीन केस उपटले. दिवेवाल्याच्या आजारपणात ते मुळाशी पांढरे व्हायला लागले होते. वर काळे, मुळाशी पांढरे, नेमकी केसरेघेची शेपटी. तिन्ही मुळं एका बाजूला जुळवून तिने त्यांना पीळ दिला, दुसऱ्या टोकाला आपली नेहमीची टोपाची गाठ मारली, वरचं कापून टाकलं, आणि सरसाच्या थेंबाने गाठ पंखाखाली दडवली. भिंग लावलं तरी फरक दिसेना. दिवेवाला ते बघून हसला तो खोकला लागेपर्यंत. मग त्याने चिठ्ठी लिहिली. त्याची एक पद्धत होती, पुढच्या बाजूला फुलपाखराचं लिहायचं, मागच्या बाजूला माणसाने काय केलं ते. पुढे लिहिलं, 'टाकीमागच्या झाडावर, बांडगुळापाशी', आणि खाली आपलं नाव. मागे लिहिलं, 'डावी शेपटी खोटी. केस बायकोचे.'

चौकटवाल्याने तोवर ती पाहिलेली नव्हती. तो इस्पितळात येऊन केसरेघ घेऊन गेला. म्हणाला, "तू निजून राहा रे. अशी पेटी करतो की राणीच्या दागिन्याला लाज वाटेल."

प्रदर्शनाच्या दिवशी दिवेवाला बायकोच्या आणि बहिणीच्या खांद्यावर हात टाकून सभागृहात आला. पेटी खरोखर देखणी होती. काच चकचकीत, आत पांढरा कापूस, मधोमध केसरेघ कुशीवर बसवलेली, दोन्ही शेपट्या बघणाऱ्याकडे. खाली नवीकोरी चिठ्ठी. तिच्यावर नाव चौकटवाल्याचं.

टोपवाली पुढे झेपावणार तोच दिवेवाल्याने तिचं मनगट धरलं. बोटांत काही ताकद नव्हती, पण तिने ती सोडवली नाहीत. त्याने चिठ्ठी वाचली. मग एवढंच म्हणाला, "दिवा चुकीच्या माणसावर पडलाय गं."

थंडी सरायच्या आधी तो गेला.

टोपवालीने रडून घ्यायचं तेवढं रडून घेतलं आणि मग ती चौकटवाल्याच्या दुकानात गेली. मनात काही बेत नव्हता. तोंडावर थुंकून यायचं, बस्स. दुकानात सरस शिजत होता. चौकटवाला उठून उभा राहिला, पाय घासत म्हणाला, "या वहिनी, बसा."

"बसायला नाही आले. चिठ्ठी कुठाय?"

"कुठली चिठ्ठी?"

"माझ्या नवऱ्याच्या हातची."

त्याने लाकडाचा भुसा हातावरून झटकला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, तसं बघायला गेलं तर आम्ही दोघेही त्या झाडाखाली असायचो ना? त्याची जाळी, माझी पेटी. मी नसतो तर आज डांबरगोळ्यांच्या डब्यात किड्यांनी खाल्ली असती ती. आणि आता तो गेला. गेलेल्या माणसाला नाव घेऊन काय करायचंय?"

टोपवालीच्या डोक्यात सणक गेली. ती बोलणार होती, 'अरे बांडगुळा, त्यातली एक शेपटी माझ्या डोक्याची आहे.' वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात चौकटवाला अभिमानाने पुढे म्हणाला, "आणि नमुना तरी कसला! अध्यक्षीणबाई म्हणाल्या, इतकी नाजूक केसरेघ दोन्ही शेपट्यांसकट शाबूत त्यांनी आजवर पाहिली नाही."

टोपवालीने वाक्य गिळलं.

याला माहीतच नाही! घाईघाईत याने चिठ्ठी टाचणीवरून ओढली, पुढचं नाव बघितलं आणि दिली असणार सरसाच्या चुलीत. उलटून बघितलीच नाही. जन्मभर शेजारी बसून जेवलेल्या मित्राची पद्धत चोराला ऐन वेळी आठवली नाही. आणि चोरलेल्या वस्तूकडे कोण डोळे भरून बघतो? याने चोरी केली ती केली, पण चोरलेल्या मालाबरोबर फासाची दोरीही घरी आणली, आणि तिच्यावर मिरवतोय.

"खरंय भावोजी," ती म्हणाली. "शेपट्या अगदी शाबूत आहेत."

घरी येऊन तिने वन्संना सगळं सांगितलं. वन्सं ताडकन उठल्या. "चल. आत्ताच्या आत्ता चल अध्यक्षीणबाईंकडे."

"नाही."

"नाही काय? वाक्य चुकलं की लगेच सांगायचं असतं. मागाहून सांगून काय उपयोग?"

"वन्सं, तुमचं काम चुकीचं वाक्य लगेच सुधारण्याचं. माझं काम वेगळं. खलनायकाचा टोप पहिल्या अंकात ओढला तर लोक हसतात आणि पुढे बघायला लागतात. शेवटच्या अंकात ओढला तर थिएटर श्वास घ्यायला विसरतं. आत्ता हा पायरीवर उभा आहे. पायरीवरून पडला तर गुडघा फुटेल. याला मी गच्चीवर नेते."

"आणि तोवर?"

"तोवर जिना झाडते."

आणि तिने खरोखरच जिना झाडला. ती मंडळाची सभासद झाली. बारीक ब्रशने नमुन्यांवरची धूळ झटकायचं काम तिने अंगावर घेतलं, कारण तिच्याइतका हलका हात कुणाचाच नव्हता. चौकटवाल्याची केसरेघ बघायला बाहेरगावचे लोक यायचे, तेव्हा तीच त्यांना पेटीपाशी न्यायची. "हात लावू नका हं. शेपट्या बघा. दोन्ही." कुणी विचारलं, की हे सापडलं कुणाला, तर ती चौकटवाल्याकडे बोट दाखवायची, आणि ते बोट खाली यायचं तेव्हा तळहातात नखं रुतलेली असायची.

चौकटवाला चढत गेला. आधी मंडळाचा चिटणीस झाला, मग पाहुण्यांना व्याख्यानं द्यायला लागला. त्या झाडाखाली आपण कसे उभे होतो, मान कशी दुखायची, मुंग्या कशा पहारा द्यायच्या, सगळं रंगवून सांगायचा. दिवेवाल्याची दुखरी मानसुद्धा त्याने सोडली नाही. एका व्याख्यानात तर तो म्हणाला, "लोक मला म्हणायचे, याची मान उलटी बसली." टोपवाली मागच्या रांगेत बसून होती. तिने टाळ्या वाजवल्या. शेजारी वन्सं दात आवळून म्हणाल्या, "आता तरी?"

"अजून एक मजला आहे," टोपवाली म्हणाली.

वर्षं अशीच गेली. थिएटरातले तीन नायक म्हातारे झाले. टोपवालीच्या डोक्यावर एक केस काळा उरला नाही. फळीवरच्या लाकडी डोक्यांपैकी एकावर टोप कधीच नसायचा. काम करताना ती अधूनमधून त्या बोडक्या डोक्याकडे बघायची आणि गाठ जरा जास्त घट्ट आवळायची.

शेवटी तो मजला आला. नगराच्या संग्रहालयाने मंडळाला एक कायमचं दालन देऊ केलं. मधल्या कपाटात ती केसरेघ बसायची होती, खाली पितळी पट्टीवर शोधणाऱ्याचं नाव. पट्टी चौकटवाल्याने स्वतःच घडवली होती. समारंभात सगळ्यांसमोर पेटीवर नवी काच बसवून पट्टी ठोकायची आणि भाषण करायचं, असं ठरलं.

आता टोपवालीने वन्संना काम दिलं. "वन्सं, एक कुजबुज सोडायची आहे."

"कुणाच्या कानात?"

"जिथे सांडेल तिथे. म्हणायचं, चौकटवाल्याचे नमुने दुरुस्त केलेले असतात अशी बोलवा आहे. बस्स. कोणता ते नाही सांगायचं."

आयुष्यभर कुजबुजण्याची तालीम झालेल्या बाईला काय अवघड होतं? चार दिशांनी ती कुजबुज चौकटवाल्याच्या कानापर्यंत पोचली आणि तो भडकून उठला. "समारंभातच सगळ्यांची तोंडं बंद करतो," म्हणाला. टोपवालीला हेच हवं होतं.

समारंभाला दालन भरून गेलं होतं. टेबलावर उघडी पेटी, शेजारी काच, मखमलीवर स्क्रू आणि पितळी पट्टी. वरून वाकवता येणारा एक दिवा सोडलेला. टोपवाली ब्रश घेऊन पेटीपाशी उभी, नेहमीसारखी. वन्सं तिसऱ्या रांगेत. चौकटवाला नव्या कोटात पुढे आला. दिवा त्याच्या कपाळावर पडला होता.

"मंडळी," तो म्हणाला, "काही लोक माझ्या नमुन्यांबद्दल वाटेल ते बोलतात. म्हणून आज आपल्यासमोर सांगतो. ही केसरेघ माझ्या जाळीतून निघाली, त्यानंतर तिला कुणाचा हात लागलेला नाही. दोन्ही शेपट्या जन्माच्या आहेत. खोटं असेल तर मला मंडळातून हाकला!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत टोपवाली थांबली. तेवढं तिला थिएटरने शिकवलं होतं.

"भावोजी," ती म्हणाली, "डाव्या शेपटीवर जरा धूळ आहे. झटकू का?"

"नको नको, वहिनी! ब्रश लावू नका! सुकलेली शेपटी नुसत्या श्वासाने तुटते."

"हो ना?" ती म्हणाली, आणि तिने ब्रशच्या टोकाने शेपटी खाली दाबली.

शेपटी वाकली. ब्रश उचलला, शेपटी पुन्हा सरळ झाली.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ.

समोर बसलेल्या प्रत्येकाने जन्मात कधी ना कधी एखादी सुकलेली शेपटी हातून गमावलेली होती. शिंकेने, पेन्सिलीच्या धक्क्याने, झाकण पडल्याच्या वाऱ्याने. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

अध्यक्षीणबाई उठल्या. त्यांनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्याने पंखाखाली हळूच ओढलं. शेपटी चिमट्यात आली.

चौकटवाल्याने ओठ ओले केले. "हां, आता आठवलं. तेवढी मी बसवली होती. साधा रेशमाचा धागा आहे. लिहायचं राहून गेलं, एवढंच…"

"तिला कुणाचा हात लागलेला नाही," तिसऱ्या रांगेतून वन्संची कुजबुज आली. ती कुजबुज बाल्कनीपर्यंत पोचायची सवय असलेली होती. "तुमचं आत्ताचं वाक्य. विसरलात वाटतं."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच दबलं.

"रेशीम नाही हे," अध्यक्षीणबाई भिंगातून मान वर न करता म्हणाल्या. "केस आहेत. तीन. पीळ दिलेले. टोकाला पांढरा रंग…"

"रंग नाही तो," टोपवाली म्हणाली. तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. पांढऱ्याशुभ्र केसांवर दिव्याचा उजेड सांडला. "इथले आहेत. माझ्या कानशिलावरचे. तेव्हा नुकते मुळाशी पिकायला लागले होते. बुडाशी गाठ बघा बाई. तशी गाठ या गावात माझ्याशिवाय कुणी मारत नाही. थिएटरातला कुठलाही टोप आणून ताडून बघा. ही केसरेघ माझ्या नवऱ्याच्या जाळीतली. त्याने माझ्याकडून शेपटी बसवून घेतली आणि तसं चिठ्ठीच्या मागे आपल्या हाताने लिहिलं."

"मागे?" चौकटवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "मागे काही लिहिलं होतं?"

शब्द बाहेर पडल्यावर त्याला ते ऐकू आले. त्याचा चेहरा असा झाला, जणू भर रंगमंचावर कुणी टोप ओढून घ्यावा आणि आत टक्कलसुद्धा दुसऱ्याचं निघावं.

टोपवालीने एक पाऊल पुढे टाकलं. "हो, मागे. पुढची बाजू वाचून जाळलीत ना? उलटून बघितली असतीत तर आज पट्टी तुमच्या नावाची ठोकली गेली असती आणि मी मेले असते तरी कुणाला कळलं नसतं. तुम्ही विचारलं होतं ना, गेलेल्या माणसाला नाव घेऊन काय करायचंय? हे करायचंय."

चौकटवाला टेबलाची कडा धरून उभा राहिला. गावात ज्यांनी त्याला व्याख्यानांना बोलावलं होतं, तेच आता बुटांच्या टोकांकडे बघत होते. त्याला मंडळाबाहेर काढायचं म्हणून अध्यक्षीणबाईंनी नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर हात वर करायला सांगितले. एकही हात खाली राहिला नाही. मग त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि टोपवाली सांगेल तसं लिहिलं. टाकीमागचं झाड, बांडगूळ, आणि दिवेवाल्याचं खरं नाव, जे थिएटरातल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"शेपटी परत बसवून देता?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "मागच्या बाजूला तसं लिहू."

टोपवालीने तीन केसांचा तो पीळ तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. "नको. राहू दे तशीच. पाखराने शेपटी नेली तशी याने नेली. केसरेघ आपली होती तिथेच आहे."

आता काच बसवायची राहिली. अध्यक्षीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला हवं…"

"का म्हणून?" टोपवाली म्हणाली. "पेटी यांची, काच यांची. हेच बसवतील. भावोजी, या पुढे."

तो नाही म्हणू शकला असता. दार उघडंच होतं. पण ज्या हातांनी सबंध गावाच्या चौकटी केल्या, त्या हातांना पेटी उघडी टाकून जाणं जमेना. तो पुढे आला. त्याने काच उचलली, फुंकर मारून पुसली, पेटीवर ठेवली. स्क्रूड्रायव्हर पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसेना. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. कपाळावरून घामाचा थेंब त्या स्वच्छ काचेवर पडला. त्याने तो बाहीने पुसला, आणि काचेखालचं दिवेवाल्याचं नाव त्याच्या तोंडासमोर आलं.

त्याने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि मान खाली घातली. वन्संनी ते बघितलं. इतकी वर्षं ज्यांना धीर नव्हता त्या वन्सं उठून टोपवालीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि विंगेतून सांगतात तसं अगदी हळू कुजबुजल्या, "जाऊ दे म्हण गं. म्हण, जाऊ द्या भावोजी."

टोपवालीने ऐकलं. वन्संची कुजबुज न ऐकणारा नट अजून जन्माला यायचा होता. चौकटवाल्यानेही मान वर करून तिच्याकडे बघितलं, कारण त्यालाही ऐकू गेलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "हे वाक्य माझ्या पानावर नाही."

मग ती चौकटवाल्याकडे वळली. "घट्ट बसवा भावोजी. किडा शिरता कामा नये."

त्याने स्क्रू बसवले. एकेक करून, सगळे. शेवटचा फिरवून झाल्यावर तो बाजूला झाला. वरचा दिवा अजून तिथेच होता, जिथे भाषणाच्या वेळी लावला होता. आता तिथे कुणी नव्हतं, नुसता पांढरा उजेड भिंतीवर पडला होता.

टोपवालीने हात वर करून दिव्याची मान धरली आणि वाकवली. थोडी डावीकडे. अजून थोडी. उजेड काचेवरून सरकत सरकत केसरेघेवर आला, जिथे शेपटी नव्हती तिथपर्यंत, आणि तिथून खाली चिठ्ठीवर.

मग तिने हात सोडला, एक पाऊल मागे येऊन बघितलं, दिवा नीट आहे ना.